'स्ट्रीमिंग' या शब्दाचा अर्थविचार

इंटरनेटवरून श्रोत्याच्या मागणीप्रमाणे गाणे ऐकविणाऱ्या सेवेस 'ब्रॉडकास्टिंग'साठी कायद्याने दिलेली सवलत मिळू शकते काय, असा प्रश्न २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. वाद टिप्स इंडस्ट्रीज ही गीतांची स्वामित्वधारक कंपनी आणि विंक म्युझिक ही गाणी ऐकविणारी सेवा यांच्यामधील होता. वरवर पाहता हा प्रश्न निव्वळ कायद्याचा आहे. परंतु त्याचा गाभा शब्दार्थाचा आहे. एका बाजूस रेडिओच्या काळात रूढ झालेला 'ब्रॉडकास्ट' हा शब्द, दुसऱ्या बाजूस इंटरनेटच्या काळात रूढ झालेला 'स्ट्रीमिंग' हा शब्द, आणि दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावयाची हा विवाद. मराठीत तर ही अडचण अधिकच गडद होते. कारण या दोन्ही क्रियांना सरसकट 'प्रसारण' किंवा 'प्रक्षेपण' म्हणण्याचा प्रघात लेखनात आढळतो. ज्या भेदावर निवाडा अवलंबून असू शकतो तो भेदच अशा शब्दयोजनेत पुसला जातो. यास्तव 'स्ट्रीमिंग' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता, मराठीत येताना त्या अर्थाचा कोणता अंश आला व कोणता मागे राहिला, आणि मराठी बोलणाऱ्यांनी त्या क्रियेस स्वतःच्या भाषेत कोठे स्थान दिले, हे क्रमाने पाहणे उचित ठरेल.

१. व्युत्पत्ती

'स्ट्रीम' हा शब्द इंग्रजीत अगदी प्राचीन काळापासून आहे. वाहते पाणी, ओढा, प्रवाह हा त्याचा मूळ अर्थ. जर्मन भाषेतील 'श्ट्रोम' हा त्याचा भाऊबंद होय. या शब्दांच्या मुळाशी असलेला इंडो-युरोपीय धातू 'वाहणे' या अर्थाचा असून संस्कृतात तो 'स्रु' या रूपाने टिकून राहिला. जर्मानिक भाषांमध्ये 'स्' आणि 'र्' यांच्या दरम्यान 'त्' या व्यंजनाचा आगम झाला. म्हणून संस्कृतात जेथे 'स्र' दिसतो तेथे इंग्रजीत 'स्ट्र' ऐकू येतो. तात्पर्य, 'स्ट्रीम' आणि संस्कृत 'स्रोतस्', 'स्राव' ही एकाच धातूची अपत्ये आहेत.

यावरून 'स्ट्रीमिंग'साठी मराठीत 'स्रोत' या शब्दापासून एखादा प्रतिशब्द सहज सिद्ध होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच अर्थाच्या इतिहासाने वाट अडविली आहे. संस्कृतात 'स्रोतस्' म्हणजे प्रवाह. पाली भाषेतील 'सोतापन्न' या शब्दात, म्हणजे जो निर्वाणाकडे नेणाऱ्या प्रवाहात उतरला आहे अशा साधकाच्या नावात, हाच अर्थ आहे. आधुनिक मराठीतील 'स्रोत' मात्र प्रवाहाचा वाचक राहिलेला नाही. तो उगमाचा वाचक झाला आहे. 'माहितीचा स्रोत', 'ऊर्जास्रोत', 'उत्पन्नाचा स्रोत' या प्रयोगांत वाहण्याची कल्पना जवळजवळ लोपली असून 'जेथून मिळते ते स्थान' एवढाच अर्थ उरला आहे. हा पालट समजण्यासारखा आहे. झरा हा एकाच वेळी उगमही असतो व प्रवाहही असतो. त्या संधिस्थानावरून शब्द एका अर्थाकडून दुसऱ्याकडे सरकला, आणि इंग्रजी 'सोर्स'चा प्रतिशब्द म्हणून त्याची योजना होऊ लागल्यावर तो तेथेच स्थिरावला. अशा रीतीने सख्खे नाते असूनही 'स्रोत' हा शब्द आज 'स्ट्रीम'च्या कामी येत नाही.

२. इंग्रजीतील अर्थविस्तार

वाहत्या पाण्याचे तीन धर्म लक्षणेस विशेष उपयोगी पडतात : पहिला अखंडता, दुसरा दिशा आणि तिसरा क्षणिकता, म्हणजे आलेले पाणी पुढे निघून जाणे. इंग्रजीत 'स्ट्रीम'चा जो अर्थविस्तार झाला त्यात प्रत्येक वेळी यांपैकी एखादा धर्म पुढे आला व इतर मागे पडले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली मनोव्यापारांचे वर्णन करताना ही प्रतिमा योजली, तेव्हा त्याला अभिप्रेत होती अखंडता. मनातील विचार हे सुट्या मण्यांची माळ नसून न तुटणारा ओघ आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. ही संज्ञा कादंबरीच्या समीक्षेत आली आणि मराठीत तिला 'संज्ञाप्रवाह' हा प्रतिशब्द लाभला. बा. सी. मर्ढेकर यांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीची चर्चा या शब्दावाचून होऊ शकत नाही. येथे 'प्रवाह' या शब्दाने 'स्ट्रीम'चे काम चोख बजावले, कारण अखंडता हा धर्म मराठी 'प्रवाहा'तही तितकाच ठळक आहे.

ब्रिटिश शाळांत विद्यार्थ्यांची कुवतीनुसार वेगवेगळ्या तुकड्यांत विभागणी करण्याच्या पद्धतीस 'स्ट्रीमिंग' म्हणतात. तेथे पुढे येतो तो दिशेचा धर्म. एकदा फुटलेले ओढे आपापल्या वाटेने जातात, तसे विद्यार्थी आपापल्या तुकडीतून पुढे सरकतात. महाराष्ट्रात कला, वाणिज्य व विज्ञान या विभागांस जे 'स्ट्रीम' म्हटले जाते ते याच अर्थाच्या जवळचे. मराठीने मात्र येथे पाण्याची प्रतिमा न घेता झाडाची घेतली व 'शाखा' हा शब्द रूढ केला. असे असूनही विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'सायन्स स्ट्रीम घेतली' हा प्रयोग सर्रास ऐकू येतो, आणि त्यातील 'स्ट्रीम' स्त्रीलिंगी असते. ते लिंग 'शाखा' या शब्दाचेच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संगणकशास्त्रात 'स्ट्रीम' म्हणजे एकामागून एक येणाऱ्या आधारसामग्रीची रांग. इंटरनेटच्या संदर्भात हा शब्द सर्वतोमुखी झाला तो १९९५ नंतर. त्या वर्षी 'रिअलऑडिओ' ही प्रणाली प्रसिद्ध झाली, आणि ५ सप्टेंबर १९९५ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल व न्यूयॉर्क या संघांमधील बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन तिच्या द्वारे इंटरनेटवर ऐकविण्यात आले. तत्पूर्वी ध्वनिफीत ऐकावयाची तर ती संपूर्ण उतरवून घेईपर्यंत थांबावे लागे. नव्या पद्धतीत ती येता येताच ऐकता येऊ लागली, आणि ऐकून झालेला भाग श्रोत्याजवळ शिल्लक राहीनासा झाला. येथे पाण्याचा तिसरा धर्म, क्षणिकता, प्रथमच निर्णायक ठरला. पाणी भरून ठेवणे आणि वाहत्या पाण्याने ओंजळ भरणे यांतील जे अंतर, तेच 'डाउनलोड' आणि 'स्ट्रीमिंग' यांतील अंतर होय.

३. प्रक्रिया आणि प्रतिमा

ही प्रतिमा प्रक्रियेशी कितपत जुळते? सूक्ष्मपणे पाहिल्यास फारशी जुळत नाही. जालावरून ध्वनी अथवा चित्र अखंड धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान खंड केलेले असतात. प्रत्येक खंड उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा अनेक प्रतींत सिद्ध ठेवलेला असतो. ग्राहकाचे यंत्र आपल्या जोडणीचा वेग अजमावून योग्य त्या प्रतीचा खंड मागवून घेते, तो वाजत असतानाच पुढचा मागविते, आणि आलेले खंड काही काळ साठवून ठेवते. या पद्धतीचा एक संकेत अ‍ॅपल कंपनीने २००९ साली मांडला, आणि तत्सम आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील शेतीच्या परिचितांस येथे मोटेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. मोट विहिरीतून खेपेखेपेने पाणी आणते. दोन खेपांमध्ये खंड पडतोच. तरीही पाट सलग वाहतो, कारण मोटेचे पाणी आधी थारोळ्यात पडते आणि तेथून पाटास लागते. खेपांमधील खंड थारोळे झाकून टाकते. संगणकाच्या परिभाषेत ज्याला 'बफर' म्हणतात ते हे थारोळेच होय. यावरून 'स्ट्रीमिंग' हा शब्द यंत्रणेचे वर्णन करीत नसून ग्राहकाच्या अनुभवाचे वर्णन करतो, हे स्पष्ट होते. विहिरीकाठी मोट आहे. वाफ्यापाशी उभ्या असलेल्या माणसास दिसतो तो पाट.

'बफरिंग' या शब्दाची बोलण्यातील अवस्था याच दृष्टीने उद्‌बोधक आहे. तंत्रदृष्ट्या बफरिंग म्हणजे साठा करणे, म्हणजेच खंड पडू न देण्याची योजना. परंतु 'सारखे बफरिंग होते आहे' असे कोणी म्हणतो तेव्हा त्याला सांगावयाचे असते की चित्र अडकले आहे. थारोळे भरलेले असताना त्याची कोणास आठवण होत नाही. ते रिकामे पडले की त्याचे नाव ओठांवर येते. उपायाचे नाव अशा रीतीने अपायास मिळाले आहे.

४. मराठीतील रूप

'स्ट्रीमिंग' हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला. तो मुख्यतः लेखी माध्यमांतून व पडद्यावरून आला असल्यामुळे 'स्टेशन'चे 'ठेसन' झाले तसा त्याचा ध्वनिविकार झाला नाही. व्याकरणाने मात्र त्याला आपलेसे केले आहे.

प्रथम लिंगाचा विचार करू गेल्यास असे दिसते की '-इंग'कारान्त उसन्या शब्दांना मराठीत एकच लिंग नाही. 'शूटिंग सुरू झाले', 'ट्रेनिंग पुरे झाले' येथे नपुंसकलिंग आहे. परंतु 'मीटिंग झाली', 'बिल्डिंग पडली', 'बॅटिंग केली' येथे स्त्रीलिंग आहे. ही विषमता आकस्मिक नव्हे. 'मीटिंग'च्या मागे 'सभा' वा 'बैठक', 'बिल्डिंग'च्या मागे 'इमारत' आणि 'बॅटिंग'च्या मागे 'फलंदाजी' उभी आहे. 'शूटिंग' व 'ट्रेनिंग' यांच्या मागे अनुक्रमे 'चित्रीकरण' व 'प्रशिक्षण' उभे आहे. उसना शब्द आपल्या जागी असलेल्या वा असू शकणाऱ्या देशी शब्दाचे लिंग घेतो. 'स्ट्रीमिंग सुरू झाले' असा नपुंसकलिंगी प्रयोग रूढ आहे; म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात त्याच्या मागे 'प्रसारण', 'प्रक्षेपण' यांसारखे शब्द असावेत. लिंगाने दिलेली ही साक्ष पुढील विवेचनात लक्षात ठेवावयास हवी.

दुसरी गोष्ट कर्त्याची. इंग्रजीत 'स्ट्रीम' हे क्रियापद पाठविणाऱ्यास व घेणाऱ्यास सारखेच लागते. कंपनी चित्रपट 'स्ट्रीम' करते आणि घरी बसलेला प्रेक्षकही तो 'स्ट्रीम' करतो. मराठीची प्रवृत्ती अशा ठिकाणी दोन बाजू वेगळ्या दाखविण्याची आहे. घर 'भाड्याने देणे' आणि 'भाड्याने घेणे', पैसे 'उसने देणे' आणि 'उसने घेणे' ही जोडी मराठीत क्रियापदाने फोडलेली असते, तर इंग्रजी 'रेंट' घरमालक व भाडेकरू दोघांनाही पुरते. त्याच प्रवृत्तीस अनुसरून मराठीत 'स्ट्रीम करणे' हे बव्हंशी पाठविणाऱ्याकडे आणि 'स्ट्रीम होणे' हे कृतीच्या विषयाकडे गेले आहे. 'अमुक चित्रपट शुक्रवारपासून स्ट्रीम होणार' अशी जाहिरात असते. परंतु प्रेक्षक मात्र चित्रपट 'पाहतो' किंवा 'लावतो'.

५. 'लागणे' आणि 'लावणे'

या शेवटच्या क्रियापदाकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे, कारण प्रस्तुत प्रश्नाचा उलगडा परिभाषेपेक्षा येथेच अधिक होतो. मराठीत चित्रपट चित्रपटगृहात 'लागतो'. रेडिओवर गाणे 'लागते', दूरदर्शनवर सिनेमा 'लागतो'. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा नाटक-सिनेमाच्या बाबतीत आधीच रूढ असलेले हे क्रियापद त्या नव्या माध्यमास सहज लागू पडले. येथे क्रियापद अकर्मक आहे. केव्हा लागावे हे पाहणाऱ्याच्या हाती नाही. श्रोता फार तर 'रेडिओ लावतो'. म्हणजे तो यंत्र सुरू करतो, गाणे नव्हे. याउलट ग्रामोफोनची तबकडी वा कॅसेट यांच्या बाबतीत 'गाणे लावणे' हा सकर्मक प्रयोग होत असे. कारण तेथे गाणे निवडणारा व त्याची वेळ ठरविणारा स्वतः ऐकणाराच होता.

आता मोबाइलवरून ऐकल्या जाणाऱ्या गाण्याविषयी बोलणारा काय म्हणतो? 'जरा ते गाणे लाव' असेच म्हणतो. आलेल्या गाण्याविषयी 'लागले' असे तो तेव्हाच म्हणतो, जेव्हा निवड त्याची नसून यंत्रणेची असते. म्हणजे ध्वनी दुरून, तारेवाटे वा बिनतारी, रेडिओप्रमाणेच येत असला, तरी मराठी बोलणाऱ्याने या क्रियेचे वर्गीकरण रेडिओबरोबर न करता तबकडीबरोबर केले आहे. त्याच्या दृष्टीने ध्वनी कोठून येतो यापेक्षा तो कोणाच्या इच्छेने सुरू होतो ही गोष्ट निर्णायक आहे. हा भेद कोणत्याही परिभाषासमितीने शिकविलेला नाही. भाषेच्या अंगी असलेल्या अकर्मक-सकर्मक जोडीने तो आपोआप साधला आहे.

६. 'प्रसारण', 'प्रक्षेपण' आणि 'प्रवाहन'

या पार्श्वभूमीवर लेखी मराठीतील प्रतिशब्दांची परीक्षा करता येते. 'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्द मुळात शेतीतला. बी ओळीने न पेरता हाताने चोहीकडे उधळणे, म्हणजे मराठी शेतकरी ज्याला 'बी फोकणे' म्हणतो, ती क्रिया. रेडिओचा कार्यक्रम असाच फोकलेला असतो : तो कोणाच्या घरी पडेल याची फोकणाऱ्यास तमा नसते, आणि तो सर्वत्र एकाच वेळी पडतो. मराठीने येथे शेतीची प्रतिमा न घेता संस्कृताचा आश्रय घेतला व 'प्रसारण' म्हणजे पसरविणे आणि 'प्रक्षेपण' म्हणजे पुढे फेकणे हे शब्द सिद्ध केले. प्रतिमा निराळी असली तरी 'एकाने टाकावे, अनेकांनी झेलावे' हा भाव दोहोंतही उतरला आहे.

'स्ट्रीमिंग' ही याहून निराळी क्रिया आहे. तेथे फोकणी नाही. पाटाचे पाणी आहे. ज्या वाफ्याने दार उघडले त्याच्यापुरते पाणी त्याच्याकडे वळते, आणि प्रत्येक वाफ्याचे पाणी निराळे असते. शेतकरी 'दारे धरतो' तशी येथे प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे पुरविली जाते. 'प्रसारण' वा 'प्रक्षेपण' हे शब्द या क्रियेस लावले की मागणीचा हा अंश नाहीसा होतो.

तथापि 'स्ट्रीमिंग'चा एक प्रकार असा आहे की ज्यास जुने शब्द शोभतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात न्यायालयीन कामकाज इंटरनेटवरून लोकांस दाखविण्यास अनुकूल निर्णय दिला, आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज तसे दाखविले जाऊ लागले. त्याच दिवशी शिवसेनेतील वादाची सुनावणी असल्यामुळे महाराष्ट्रात ते कुतूहलाने पाहिले गेले. इंग्रजीत याला 'लाइव्ह स्ट्रीमिंग' म्हणतात, मराठी वृत्तपत्रे 'थेट प्रक्षेपण' म्हणतात, आणि ते अनुचित नाही. वाहण्याची यंत्रणा नवी असली तरी वेळ न्यायालयाची आहे, प्रेक्षकाची नव्हे. 'सुनावणी लागली आहे' असेच येथे म्हटले जाईल.

राहिला 'प्रवाहन' हा शब्द. रचनेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, आणि मराठीत 'वाहणे' या धातूचे क्षेत्रही विशाल आहे : नदी वाहते, हमाल ओझे वाहतो, भाविक फूल वाहतो. दूरचित्रवाणीच्या 'चॅनल'ला मराठीने 'वाहिनी' म्हटले, तेव्हा पाण्याची प्रतिमा एकदा खर्चही झाली, आणि ती नेमकी प्रसारणाच्या बाजूस. म्हणून 'प्रवाहन' म्हटल्याने 'वाहिनी'पासूनचा भेद आपोआप कळेल असे समजणे चुकीचे ठरेल. तो व्याख्येने सांगावा लागेल.

७. निवाड्यातील शब्दार्थ

आरंभी उल्लेखिलेल्या वादाकडे आता वळता येईल. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ३१-डीनुसार 'ब्रॉडकास्टिंग' करणाऱ्या संस्थेस प्रसिद्ध गीते स्वामित्वधारकाच्या संमतीवाचून ऐकविता येतात. पूर्वसूचना देणे आणि ठरवून दिलेल्या दराने मोबदला भरणे एवढे पुरते. ही सवलत इंटरनेट सेवेस मिळाली तर गीताच्या धन्यास नकार देण्याचा अधिकार उरत नाही. न मिळाली तर सेवेस प्रत्येक धन्याशी स्वतंत्र करार करावा लागतो. २०१६ साली केंद्र सरकारच्या एका कार्यालयीन ज्ञापनाने इंटरनेटचाही या सवलतीत समावेश होतो असा अर्थ लावला होता. कायद्यातील 'ब्रॉडकास्ट' या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. तीत तारेवाटे व बिनतारी अशी दोन्ही प्रकारची पोहोच येते. परंतु त्याच कलमात दर ठरविताना रेडिओ व दूरचित्रवाणी यांचाच निर्देश आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली असा निर्णय दिला की ही सवलत रेडिओ व दूरचित्रवाणी यांपुरतीच मर्यादित आहे. आणि २०२२ साली खंडपीठाने तो कायम केला.

न्यायालयाने हा निष्कर्ष कलमाच्या शब्दांवरून काढला, लोकभाषेवरून नव्हे. तरीही मराठी बोलणाऱ्याने 'लागणे' व 'लावणे' यांत जो भेद राखला आहे त्याच्या अगदी शेजारून ही रेषा जाते. एका बाजूस पाठविणाऱ्याच्या वेळेने चालणारी माध्यमे आहेत. दुसऱ्या बाजूस, थेट दाखविण्याचा प्रकार वगळता, घेणाऱ्याच्या इच्छेने चालणारी सेवा आहे. याच मजकुराचा मराठी अनुवाद करताना दोन्ही ठिकाणी 'प्रसारण' लिहिले, तर 'प्रसारणाची सवलत प्रसारणास लागू नाही' असे विपरीत विधान हाती येईल.

यावरून परिभाषेच्या दृष्टीने निष्पन्न होते ते असे. 'स्ट्रीमिंग' या एका इंग्रजी शब्दास एकच मराठी प्रतिशब्द शोधण्याचा आग्रह येथे हिताचा नाही. पाठविणाऱ्याच्या वेळेने जे दाखविले जाते त्यास, मार्ग इंटरनेटचा असला तरी, 'थेट प्रक्षेपण' वा 'प्रसारण' म्हणावे. मागणीप्रमाणे जे पुरविले जाते त्यास ते शब्द लावू नयेत. तेथे 'स्ट्रीमिंग' हा रूढ शब्द ठेवावा, किंवा 'प्रवाहन' योजावयाचे असल्यास 'मागणीनुसार' हे विशेषण त्यास जोडावे. जे उतरवून ठेवले जाते ते या दोहोंहून निराळे मानावे. हे तीन भेद शास्त्रीय व विधिविषयक लेखनात पाळले गेले, तर मराठी परिभाषा एवढेच करील की जे घराघरांतील बोलण्यात आधीच नीट वेगळे केलेले आहे ते कागदावरही वेगळे ठेवील.